सगळ्यात वरची रांग

मुरादभाई कतारहून परतले ते डोक्यात फुटबॉल स्टेडियम घेऊनच. तिथल्या स्टेडियमांना लोखंड पोचवणारे ट्रेलर ते चालवायचे, तेव्हा आपल्याकडे का नाही, हा प्रश्न त्यांना पडला. नसण्याची कारणं पुष्कळ होती, पण महाडात असलं कुणी तोंडावर सांगत नाही. दासगावच्या वाटेवर त्यांची स्वतःची जागा. नकाशा पोलादपूरच्या राजेंद्र इंजिनियरने काढला. सरकारचा पैसा नको. आधी खुर्च्या विकायच्या, त्यातून गॅलरी उभी करायची. खुर्ची एकदा घेतली की जन्मभराची.

घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण वरच्या रांगा आठवड्यात संपल्या. धान्याचे व्यापारी सयाजीशेठ यांनी सलग बारा खुर्च्या घेतल्या, तेही अशा कोपऱ्यातल्या की जिथून गोलपोस्ट दिसणारच नव्हता. जन्मात चेंडूला पाय न लावलेली माणसं वशिला लावू लागली. मैदानालगतच्या खुर्च्या मात्र कुणी फुकट घेईना. मुरादभाई कौतुकाने सांगत, महाडकरांना खेळ कळतो, वरून सगळा डाव दिसतो ना.

राजेंद्रला वाटलं, खर्च वाचवावा. त्याने नकाशात गॅलरीची उंची निम्मी केली. बातमी बाजारपेठेत पोचली आणि संध्याकाळपर्यंत खुर्च्या परत करायला माणसं दारात.

मुरादभाईंनी सगळ्यांना जागेवर बोलावलं. बुटक्या गॅलरीतून खेळ उलट जवळून दिसेल, हे राजेंद्रने चित्र काढून समजावलं. लोकांनी माना डोलावल्या आणि पावत्या पुढे केल्या. शेवटी मंडईत भाजी विकणारी सोनाबाई उठली. तिची खुर्ची एकच, पण सगळ्यात वरची.

"ते खेळाचं राहू दे रे," ती म्हणाली. "जिन्यावरनं माझ्या शेळ्या चढतील का नाय, ते सांग. आन् पुरात सावित्रीचं पाणी कुठवर येल?"

कुणी हसलं नाही. सयाजीशेठ दुसरीकडे बघू लागले. बारा खुर्च्यांच्या जागेत तांदळाची किती पोती बसतात, हे त्यांचं केव्हाच ठरलं होतं.

स्टेडियम होणार, एवढं मुरादभाईंना कळलं. त्यात फुटबॉल होणार का, तेवढंच उरलं होतं. मग त्यांनी राजेंद्रचं पेन घेतलं, नकाशावर गॅलरी पुन्हा पहिल्याइतकी उंच केली, वर आणखी एक रांग चढवली, जिन्याशेजारी उतार काढला आणि खाली अट घातली: मॅचला येऊन बसेल त्याचीच खुर्ची. येणार नाही त्याची दुसऱ्याला.

बारा खुर्च्यांना बारा माणसं लागतील काय, असं शेठनी हळूच विचारलं. लागतील, मुरादभाई म्हणाले, पोती चालणार नाहीत. शेठ घरातली आणि दुकानातली डोकी मनात जुळवू लागले.

सोनाबाई अजून उभीच होती. "किती वेळ चालतो रे तुझा खेळ?"

"दीड तास."

"गेल्या पुरात दोन रात्री पत्र्यावर बसले होते मी. दीड तासाचं काय सांगतोस? बसेन की." पावती तिने परत कमरेला खोचली. "कोणाच्या बाजूनं ओरडायचं, तेवढं आधी सांगून ठेव."