फळीमागची भिंत

इस्त्रीवालीच्या घरात भिंतींना घाम फुटायचा. बाहेरची हवा इतकी दमट, की बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं आणि कोपऱ्यातल्या चपलांवर बुरशी चढायची. त्यात ही बाई दिवसभर लोकांच्या कपड्यांवर पाणी शिंपडून वाफ काढायची, आणि ओल आत येऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावून घ्यायची. चोराला घरात घेऊन दाराला कडी घालण्यातला प्रकार! पण सांगणार कोण?

एका कोपऱ्यात काळे ठिपके आले. तिने ब्लीचने पुसले, व्हिनेगर चोळलं, घासून घासून हातांची सालं काढली. ठिपके गेले आणि अख्खा गोतावळा घेऊन परत आले. शेवटी नवरा वैतागला. तो सुतार, आणि सुताराला सगळ्या रोगांवर फळी हेच औषध. त्याने भिंतीला प्लायवूड ठोकलं आणि वर पांढरा रंग दिला.

"घे, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला.

घरातली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणून दोघांनी तिथेच लहानग्या चिमीची खाट सरकवली.

तेव्हापासून चिमीचा खोकला हटेना. डॉक्टरांनी औषध दिलं, श्वासाचा पंप दिला, आणि घरात ओल आहे का, असंही विचारलं.

"होती. आता नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

मध्यंतरी चिमी मावशीकडे राहून आली. तिला परत सोडताना मावशी इस्त्रीवालीला, आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणाली, "माझ्याकडे एकदा म्हणून खोकली नाही बघ. फक्त तिची उशी इथेच राहिली ना, तिच्यासाठी रडायची." ती उशी इस्त्रीवालीने स्वतः चिंध्या भरून शिवली होती.

"म्हणजे माझ्याच घरात पोर आजारी पडते, असंच ना, ताई?" इस्त्रीवालीला ते फार लागलं. चिमी त्या दिवसापासून पुन्हा खोकायला लागली.

मग एका सकाळी पोरीची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. इस्त्रीवालीने पंप दिला, घाबरून खाट ओढली, आणि तिचा हात फळीला लागला. फळी मऊ होती. तिने नवऱ्याच्या हातोडीने खिळे उपटले. मागे भिंतभर काळी लव उगवली होती, आणि खाटेच्या उशाशी सगळ्यात दाट. पोरीच्या नाकात आणि त्या काळ्या लवेत एवढीच एक भिजलेली फळी होती.

ती तशीच चिमीला घेऊन ताईकडे गेली. "माझं चुकलं, ताई. घर सुकेपर्यंत हिला ठेवून घे," ती रडत म्हणाली. या वेळी पोर रडायला नको, म्हणून उशी मात्र आठवणीने आणली होती. तिनेच ती चिमीच्या कुशीत दिली.

घरी येऊन तिने खिडक्या सताड उघडल्या. नवरा मान खाली घालून भिंत खरवडत होता. तिने खाटेवरची गादी उलटली. उशीच्या जागी, खालून, गादी काळी पडली होती.

मग उशीतल्या चिंध्यांचं काय झालं असेल? तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, पोरीला श्वास घेता येईना!" ताई घाबरून बोलत होती. "उशीत तोंड खुपसून बसलीय, सोडतच नाही. पंप कुठे ठेवलास?"

पंप इथेच, इस्त्रीच्या टेबलावर होता.

"ताई, उशी काढून घे तिची!" ती किंचाळली. फोनमधून चिमीचं रडणं ऐकू आलं, आणि मग नुसती घरघर.