चाळीस पावलं

दफनभूमीचा नकाशा मी काढला होता, त्यामुळे चूकही माझीच. ती कळली शुक्रवारी दुपारी. सोमवारी सकाळी पाण्याच्या पाइपसाठी चर खणायला मशीन येणार होतं, आणि फाटकाजवळच्या त्या पट्ट्यात एकही थडगं नाही, असं आमच्या इतिहास मंडळाने माझा नकाशा जोडून पाणीपुरवठा कार्यालयाला लिहून दिलं होतं.

इथल्या जुन्या नोंदवहीत प्रत्येक दफनाची जागा पावलांत लिहिलेली आहे. फाटकापासून मधल्या वाटेने इतकी, मग डावी-उजवीकडे इतकी. कबरी खणणारा आणि लिहिणारा माणूस एकच, एकतीस वर्षं. बहुतेक जागांवर दगड नाहीत. दगड असलेली बावीस थडगी मी टेपने मोजली, भागाकार केला. एक पाऊल चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. उत्तर इतकं छान जुळलं की मी खूश झाले. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

शुक्रवारी नर्समावशी आल्या. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली असतील. त्यांची आई गेली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आता आईच्या जागेवर दगड बसवायचा होता. नोंद होती, ‘मधल्या वाटेने चाळीस पावलं, डावीकडे सहा.’ मी त्यांना साडेएकोणतीस मीटरवर नेलं.

त्यांनी वळून फाटकाकडे पाहिलं. “इथे नाही.”

“मावशी, नोंदीप्रमाणे इथेच येतं.”

“येत असेल. मला आत येऊ दिलं नव्हतं. फाटकाचे गज धरून उभी होते. माती पडल्याचा आवाज कानात येत होता अगं, अगदी स्पष्ट. एवढ्या लांबून आला असता?”

“साठ वर्षं झाली. आठवण दगा देते कधीकधी.”

“आणि तुझा टेप देत नाही, होय?”

टेपने दगा दिला नव्हता. पण टेप मी कुठे धरला होता, ते पाहायला मी फाटकाशेजारच्या खोलीत आले आणि वही उघडली. बावीसच्या बावीस दगड पहिल्या पंधरा वर्षांतले निघाले. मंडळाला जुने, नक्षीचे दगड आवडतात. तेच आधी घासूनपुसून स्वच्छ केले होते आणि स्वच्छ होते तेच मी मोजले. मावशींच्या आईची नोंद एकोणतिसाव्या वर्षातली. अक्षर त्याच माणसाचं, पण रेघ थरथरलेली.

“काय शास्त्रज्ञबाई,” मंडळाचे अध्यक्ष असलेले गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, “माणसं जागेवरून सरकली की काय?”

“माणसं आहेत तिथेच आहेत, गुरुजी. खणणारा म्हातारा झाला. पाऊल आखूड पडायला लागलं.”

शेवटच्या वर्षांतले तीनच दगड होते, तेही झुडपात. आम्ही झुडपं तोडली. पाऊल आलं चौपन्न, पंचावन्न आणि छप्पन्न. म्हणजे चाळीस पावलं बावीस मीटरवर संपत होती, आणि चराची रेघ एकवीस ते तेवीसच्या मध्ये होती. मावशींची आई तिथे एकटी नव्हती. नोंदी पुन्हा लावल्यावर त्या पट्ट्यात एकोणीस जण निघाले.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “चर हलवायची नुसती विनंती करू या. नकाशाचं कशाला काढायचं? मंडळाची अब्रू जाईल.”

“कारण विचारतील. मग काय सांगणार?”

मी तीन वाक्यांचं पत्र लिहिलं. नकाशा चुकीचा आहे. तो मी काढला आहे. तो मागे घेत आहे. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, सुस्कारा सोडला आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली.

पाणीपुरवठा कार्यालयात इंजिनियर साहेबांनीही ते दोनदा वाचलं. “मॅडम, काल एकही नव्हतं, आज एकोणीस. उद्या पन्नास होतील.”

“म्हणून तर उद्या या. स्वतःच बघा.”

शनिवारी सकाळी मी लोखंडी गज त्यांच्याच हातात दिला. त्यावर साठ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावली होती. त्याखाली जायचं नाही. न खणलेली जमीन घट्ट असते, एकदा खणलेली पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. अठरा मीटरवर गज वीतभर जाऊन अडला. वीसवरही अडला. बावीसवर, वाटेपासून सव्वातीन मीटर डावीकडे, तो सरळ चिकटपट्टीपर्यंत उतरला. साहेबांनी तो घाईने वर ओढला आणि दोन पावलं मागे सरकले.

“हं,” ते म्हणाले. “चर भिंतीबाहेरून नेतो, रस्त्याच्या कडेने. पण मला वर दाखवायला कागद लागेल. सगळ्या नोंदींचा नवा नकाशा सोमवारी आठ वाजता टेबलावर हवा. नाहीतर मशीन इथेच उतरेल.”

“सगळ्या म्हणजे तीनशे चाळीस,” गुरुजी म्हणाले.

“सगळ्या,” मी म्हणाले. “आणि या वेळी वर्षावर्षाचं पाऊल वेगळं काढायचं.”

“मग बघतेस काय? टेपचं टोक दे इकडे.”

सकाळपासून आमच्याबरोबर असलेल्या नर्समावशी पुढे आल्या. “डोकं कुठल्या बाजूला असेल गं?”

“वहीत लिहिलेलं नाही, मावशी. खड्ड्याच्या कडा शोधता येतील. लांबी कुठून कुठे आहे ते कळेल. डोकं कुठे, ते मी नाही सांगू शकणार.”

“नको सांगूस. कडा कशा शोधायच्या ते दाखव.” त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि गज साहेबांच्या हातातून काढून घेतला.

पहिली कड सापडायला वीस मिनिटं लागली. तोवर गुरुजी पुढच्या नोंदीवर जाऊन मला हाका मारत होते.