चार काठ्यांमधलं गवत

त्याने बुटाच्या टाचेने माती उकरली, अंड्यांची फुटकी टरफलं आत लोटली आणि वरून पाय दाबला. मागे गवतकापणीचा ट्रॅक्टर धडधडत उभा होता. डोक्यावर टिटवी घिरट्या घालत होती, आणि तिचं ओरडणं काही केल्या थांबत नव्हतं.

चूक म्हणाल तर दोन मिनिटांची. बायकोने घरट्याभोवती चार काठ्या रोवल्या होत्या, उशीच्या जुन्या लाल अभ्र्याच्या चिंध्या बांधून. त्याही चांगल्या खाटभर जागा सोडून. बाईचा हात सढळ! एवढं गवत वाया कशाला घालवायचं, म्हणून काठ्या जरा जवळ घ्यायला त्याने उपटल्या. तेवढ्यात गवत नेणाऱ्याचा फोन आला, आभाळ येतंय, लवकर आटप म्हणून. बोलता बोलता तो ट्रॅक्टरवर चढला, काठ्या मांडीवरच राहिल्या. पाती फिरल्यावर त्याला आठवलं.

आता घरी कोणतं तोंड दाखवायचं? नुसती पक्ष्याची अंडी असती तर एक वेळ चाललं असतं. पण त्याच्या घरात सासरा आणि सून यांचं सहा वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. म्हाताऱ्याची नजर गेल्यापासून तर बोलणंच खुंटलेलं. आणि एक दिवस दारासमोरच्या बाकावर बसून, नुसत्या आवाजावरून तो म्हणाला होता, "टिटवीने घर केलंय. डाव्या अंगाला, बांधापासून दहा पावलांवर. बघून ये गं." ती कुरकुरत गेली आणि धावत परत आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती अंड्यांची खबर आणायची आणि म्हातारा कानात प्राण आणून ऐकायचा. दोघं हसायचीसुद्धा. घराला आत्ता कुठे घरपण आलं होतं, आणि त्याने ते टाचेखाली घातलं.

वर आणखी शहाणपणा केला तो वेगळाच. तिथून वीस पावलं उजवीकडे खाटभर गवत उभं सोडलं, चार कोपऱ्यांना चार काठ्या रोवल्या, चिंध्या नीट सारख्या केल्या. लांबून कोणाला काही कळलं नसतं.

संध्याकाळी अंगणातल्या नळावर तो हात धूत होता.

"राखलंस ना रे?" बाकावरून वडिलांनी विचारलं.

"राखलं की. त्या काय काठ्या दिसतायत..." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मला कुठल्या दिसायला!" म्हातारा हसला. "पण आज फारच ओरडतेय बिचारी."

"ट्रॅक्टरला बिचकली असेल."

बायको चपला घालून निघाली. "आलेच हं बाबा, बघून."

"उद्या जा की," तो घाईने म्हणाला. "आणखी बिथरेल ती."

"मला ओळखते ती."

तो नळापासून बघत राहिला. ती काठ्यांपाशी वाकली. सरळ झाली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग टिटवी जिथे झेपा घेत होती तिकडे, डावीकडे, कापलेल्या गवतात गेली आणि खाली बसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जावं, पाय धरावेत, असं वाटलं; पण हात तसेच पाण्याखाली राहिले.

ती परत आली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ बाकावर जाऊन बसली. बोटांना माती लागलेली होती.

"काय गं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आहेत, बाबा. चारही आहेत. चांगली उबदार आहेत."

"काठ्यांच्या मधेच ना?"

"मधेच."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. त्याने चाचपडत तिचा हात शोधला, मातीसकट हातात घेतला आणि थोपटत राहिला. तोंड मात्र त्याने डावीकडे वळवलं होतं, टिटवी ओरडत होती तिकडे.

मग म्हातारा हळूच म्हणाला, "त्याला सांग, नळ बंद कर म्हणावं. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही."