पायाची सिस्टर

इस्लामपूरच्या त्या लहानशा हॉस्पिटलात जाऊन रूपाली मगदूम कुठे भेटतील असं विचारलंत, तर दारावरचा वॉचमनसुद्धा डोकं खाजवेल. "पायाची सिस्टर" म्हणा, लगेच बोट दाखवेल. साखरेचा आजार असलेल्यांचे पाय तपासणं, जखमा धुणं, पट्टी करणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. साखरेनं पायाची जाणीव मरते, काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, म्हणून रोज तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं, हे तिनं गावोगावच्या शिबिरांत इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. हाताला यश होतं. जिभेला मात्र लगाम नव्हता.

त्या जिभेचा फटका बसला तो संयोगिताला. तिच्याच गावच्या एका शिबिरात ती आपल्या सासूला, धोंडुबाईला, घेऊन आली होती. रूपालीनं म्हातारीच्या पायाचं फडकं सोडलं तर अंगठा काळा पडलेला. झालं. सगळ्या सभामंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात रूपालीनं विचारलं, "सून कोण हिची? तुम्ही व्हय? एका चुलीचं खाता, एका छपराखाली झोपता, आणि पाय कुजेपर्यंत नाकाला वास येत नाही? का म्हातारी कधी जाती याची वाट बघत बसलाय?"

संयोगितानं पदर पुढं ओढला आणि जमिनीकडं बघत राहिली. धोंडुबाई शेजारीच होती, तिनंही हूं की चूं केलं नाही. बाकीच्या बायकांनी मात्र एकमेकींना कोपरानं ढोसलं. रूपालीला वाटलं, बरं झालं, चार जणी ऐकून शहाण्या होतील. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःवर खूश होती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

घर पलूसजवळच्या गावात. नवरा भरतेश साखर कारखान्यात नोकरीला. सासरे रायगोंडाअण्णा, गावच्या जैन मंदिरात पहाटे पहिलं पाऊल ज्यांचं पडतं असे. अण्णांनाही साखर होतीच, बरीच वर्षं. त्यांच्या गोळ्या रूपाली आणायची, रक्त तपासायची, भात किती वाढायचा ते ठरवायची. आणि रोज कामावर निघताना, त्या घराच्या रिवाजाप्रमाणं, वाकून त्यांच्या पाया पडायची. बोटं पावलांना लागायची, कपाळाला लागायची, आणि बाई यष्टी गाठायला पळायची. पाऊल वरून बघितलं. तळव्याला काय झालंय ते तिनं कधी बघितलं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या बघत, तेल लावत. त्या गेल्या, आणि सुनेनं सासऱ्याचा तळवा हातात घ्यावा असं ना सुनेला सुचलं, ना सासऱ्याला रुचलं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काय उगाच?

चैत्रात गावात मुनिमहाराज आले होते. त्यांचा मुक्काम हलला तेव्हा गावची मंडळी रिवाजाप्रमाणं पुढच्या गावापर्यंत सोबत चालत गेली. महाराज अनवाणी, तर बरोबरच्यांनी चपला कशा घालायच्या? अण्णाही डांबरी रस्त्यावरून, भर उन्हात, अनवाणी गेले. परत आले तेव्हा तोंडावर समाधान होतं आणि तळव्याला फोड. फोडाचं त्यांना कळलंच नाही. रूपालीला ते अनवाणी गेल्याचं माहीत होतं. ती इतकंच म्हणाली, "अण्णा, टोपी तरी घालून जायचं."

पुढं अण्णा घरात पायमोजे घालायला लागले. वैशाखात! रूपालीनं चेष्टा केली, "अण्णा, महाबळेश्वरला निघालाय का?" अण्णा हसले. मग माजघरात कसला तरी वास यायला लागला. वॉर्डात हाच वास तिला दारातून ओळखू आला असता. घरात तिनं भरतेशला सांगितलं, "कणगीच्या मागं उंदीर मेलाय वाटतं, बघा जरा." भरतेशनं सगळी कणगी हलवली. उंदीर सापडला नाही. तिनं उदबत्ती लावली.

शेवटी फरशीनं सांगितलं. रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून देवघराकडं गेले आणि मागं पांढऱ्या फरशीवर एकाच पायाचे डाग उमटत गेले, पाणचट, लालसर पिवळे. रूपालीच्या हातात पोछा होता. तो तिथंच टाकून ती अण्णांसमोर बसली.

"अण्णा, पाय दाखवा."

"काय न्हाई गं. जरा सोललंय."

"दाखवा म्हणते ना."

"सुनंपुढं तळवा करायचा आसतोय व्हय?" अण्णांनी पाय धोतराखाली ओढून घेतला. तिनं तो ओढून बाहेर काढला, आयुष्यात पहिल्यांदा. अंगठ्याखाली भोक पडलं होतं, आणि शेजारचं बोट शाईत बुडवल्यागत काळं. रूपालीनं असले पाय शेकड्यानं धुतले होते. पण हा पाय हातात आला आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली. जखमेमुळं नव्हे. तो काळा रंग एका दिवसात येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सांगितलं का नाही मला?"

"तू दिसभर लोकांचं पाय धूऊन येतीस. घरीबी त्येच?" अण्णा म्हणाले. "आनि तू बोलतीस लय, पोरी."

दुपारी अण्णा तिच्याच हॉस्पिटलात भरती झाले. ती जागा लहान, जनरल वॉर्ड एकच, बायका आणि पुरुषांच्या मधे एक हिरवा पडदा. अण्णांना पडद्याला लागूनची खाट मिळाली. आणि पडद्यापलीकडं कोण असावं? धोंडुबाई. अंगठा काढून झाला होता, जखम भरत नव्हती म्हणून पुन्हा आणलेली. खाटेशी संयोगिता बसलेली. पडदा अर्धवट उघडा होता. संयोगितानं एकदा अण्णांच्या पायाकडं बघितलं, एकदा रूपालीकडं, आणि सासूला पाणी पाजायला वळली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणायची पद्धत आहे. रूपालीला तेवढंही सुचलं नाही. तिनं फक्त अण्णांची चादर सारखी केली, सारखी असलेली.

डॉक्टर आले, पाय बघितला, आणि भुवया वर गेल्या. "सिस्टर, तुमच्या घरात? किती दिवसांचं आहे हे? कुणी बघत नव्हतं का?"

दोन नर्स बाजूला उभ्या होत्या. पडद्याआड बांगड्यांचा आवाज थांबला. रूपाली काही बोलायच्या आत अण्णाच खाटेवरून उठून बसले.

"तिचा दोष न्हाई, डॉक्टर. ती रोज बघत हुती पाय. रोज. ह्या चार दिसातच मी दाखवला न्हाई, माझीच कसर."

"तरीच," डॉक्टर म्हणाले. "रोज नजर होती म्हणून दोन बोटांवर निभावेल असं वाटतंय. परवा काढू. नाहीतर पाऊल गेलं असतं." आणि नर्सेसकडं वळून म्हणाले, "बघा, घरात जाणतं माणूस असलं की असा फरक पडतो."

रूपालीनं मान हलवली. हो म्हणून हलवली. आणि त्या क्षणी तिला काय वाटलं म्हणाल, तर हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. ज्या रायगोंडा मगदूमनं महाराजांपुढं खोटं न बोलण्याचा नियम घेतला होता, उसाच्या वजनातसुद्धा कधी जीभ वाकडी केली नव्हती, त्याच्या तोंडून निघालेलं खोटं तिनं मुकाट्यानं पदरात घेतलं आणि ती पुढच्या खाटेकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच अण्णांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. भरतेशनं घरून डबा आणला होता, ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी, लसूण-कांदा न घातलेली. तिनं ताट वाढून पुढं केलं. अण्णांनी हात जोडले.

"आज उपास हाय माझा."

"कसला उपास? आज ना अष्टमी ना चतुर्दशी. आणि इंजेक्शन घेतलंय तुम्ही! आता खाल्लं नाही तर साखर खाली येईल, घाम फुटेल, चक्कर येईल. अण्णा, जिवावर बेतेल हे."

"बेतू दे. नियम मोडला त्याचं प्रायश्चित्त घ्याला नको?"

ती खाली बसली. आवाज आपोआप उतरला. "कशाला बोलला तसं? मी सांगितलं होतं का?"

"तुझी मान खाली गेल्याली बघवली न्हाई मला."

"मग झालं ते झालं. खाऊन घ्या. नंतर करा उपास."

"झालं कुठं? आजून चाललंयच की." अण्णा शांतपणे बोलत होते, त्यांना रागबिग काही नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "डॉक्टर खरं धरून बसल्यात. नर्सा खरं धरून बसल्यात. मी खरं सांगितलं तर तुझी आब्रू जाती. न्हाई सांगितलं तर त्या खोट्यावर बसून घास गिळायचा. तो जात न्हाई बघ खाली."

भरतेशनं बापाला हात जोडून बघितलं. अण्णांनी तोंड भिंतीकडं केलं. शिरेतून साखर देता येते, पण शुद्धीत असलेल्या माणसाच्या मनाविरुद्ध त्याला सुई टोचता येत नाही. आणि शुद्ध जाईपर्यंत वाट बघायची हा काय उपाय झाला? रूपालीनं पुन्हा ताट पुढं सरकवलं, पुन्हा मागं आलं. थोड्या वेळानं अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले. पाण्याचा पेला धरलेला हात थरथरला. हे आता वाढत जाणार हे तिला दिसत होतं. तोंडात साखर टाकली असती तर क्षणात थांबलं असतं. ती साखर नव्हती कुठं? टेबलावर डबीभर होती. अडलं होतं ते तिच्या तोंडातून चार शब्द निघण्यावर.

डॉक्टर वॉर्डात शिरले होते, पलीकडं धोंडुबाईची पट्टी बघत होते. रूपाली उठली आणि तिनं हिरवा पडदा पूर्ण बाजूला सारला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "काल अण्णा खोटं बोलले. मी त्यांचा पाय कधी बघितला नाही. एकदासुद्धा नाही. घरात वास येत होता, मी उंदीर मेलाय म्हणाले. मला लाज वाटली म्हणून काल गप्प बसले. आता त्यांनी त्या खोट्यापायी जेवण सोडलंय."

एक नर्स ट्रेमधली कात्री उगाच नीट ठेवायला लागली. डॉक्टरांनी अण्णांचा घामेजलेला चेहरा बघितला आणि एवढंच म्हणाले, "आधी त्यांना साखर द्या."

अण्णांनी मान वळवली. "आण," ते म्हणाले. "उपास राहिला माझ्याकडं, तो पाय बरा झाल्यावर महाराजांपुढं घेईन." रूपालीनं चमचाभर साखर त्यांच्या जिभेवर ठेवली, मग भाकरी आमटीत कुस्करून दिली. अण्णांनी थरथरत्या हातानं पहिला घास घेतला, चावला, गिळला. हळूहळू हात थांबला. भरतेश डोळे पुसत बाहेर गेला. रूपालीला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसलं काही झालं नाही. दोन बोटं उद्या जाणारच होती, आणि ती तिच्यामुळं जाणार होती.

डॉक्टर गेल्यावर ती पडद्यापलीकडं गेली. धोंडुबाईला डुलकी लागली होती. संयोगिता फडक्याच्या घड्या घालत बसली होती. रूपाली तिच्यासमोर उभी राहिली, उभी राहणं बरं दिसेना म्हणून खाली फरशीवर बसली.

"त्या दिवशी शिबिरात मी तुम्हाला बोलले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. मला माफ करा."

संयोगितानं हातातली घडी पुरी केली. "गावात मला 'पाय सडवनारी' म्हनत्यात आता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पान्याला गेलं तरी म्हनत्यात. पोरीला शाळंत म्हनत्यात. ह्या आमच्या आत्याबाई, रोज सांगायची मी पाय दाखवा म्हनून, तर पाय झाडायच्या अंगावर. तवा मंडपात माझ्या शेजारीच बसल्या हुत्या."

"तुम्ही सांगितलं का नाही मला तिथंच?"

"तुमी सांगू दिलं व्हय?"

"मी येते तुमच्या गावात," रूपाली म्हणाली. "तिथंच, त्याच मंडपात, सगळ्यांना सांगते."

"या की. सांगा." संयोगितानं घड्या पिशवीत भरल्या आणि पडद्यापलीकडं, भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीला लावत बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघितलं. "तुमच्या सासऱ्यानं तुमच्यापायी नियम मोडला, बाई. माझ्यापायी कुनी खरंसुदीक बोललं न्हाई."