माणसं नसलेले फोटो

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात कुणी युरोप करून आलं की पुढच्या एखाद्या शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये पॉटलक ठरतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. जेवणाआधी फोटो बघावे लागतात, त्यातून सुटका नाही. मी पंचवीस वर्षं लोकांचे आयफेल टॉवर बघत आले. टॉवर तोच, खाली उभं असलेलं जोडपं तेवढं बदलतं. म्हणून २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा मी ठरवलंच होतं, की या वेळी लोकांना बघायला काहीतरी द्यायचं.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. सगळे माना वर करून चर्चचा कळस बघत असतात तेव्हा मी दाराची बिजागरी बघते. चारशे बारा फोटो काढले. कड्या, बिजागऱ्या, पन्हाळीखाली कान झाकून बसलेला दगडी माणूस. आणि जर्मनीतल्या एका छोट्या म्युझियममधले काचेचे डोळे, पेटीत ओळीनं मांडलेले अठ्ठेचाळीस, एकासारखा दुसरा नाही. त्या पेटीपुढे मी पाऊण तास उभी होते. माझा नवरा, बाळ, बस चुकेल म्हणून दारात चरफडत होता. रिटायर झाल्यापासून इतका आनंद मला कशानं झाला नव्हता.

फोटो लावायचं काम जावयानं अंगावर घेतलं. सिद्धेश पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, गुणी मुलगा आहे, पण त्याला आवराआवरीचा भारी सोस. शनिवारी दुपारी तो ऑफिसचा प्रोजेक्टर घेऊन आला. मी फोटो बघितले आणि विचारलं, माझी दारं कुठे आहेत?

"आई, ज्यात माणसं नव्हती ते डिलीट केले," तो म्हणाला. "मला वाटलं चुकून क्लिक झालेत. बाबांना विचारलं, तर तेही म्हणाले उडव."

माणसांचे फोटो लॅपटॉपवर उतरवून कॅमेऱ्याचं कार्ड त्यानं फॉरमॅट केलं होतं आणि वर त्यावर माझ्या नातीच्या, उर्वीच्या, वाढदिवसाचे फोटो काढले होते. त्यानं तासभर खटपट केली, पण एकही परत आला नाही. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

बाळ सामोसे ओव्हनमध्ये लावत होता. मागे न वळताच म्हणाला, "अगं, कड्याकोयंडे कोण बघणार? आपण दोघं आहोत की सगळ्यात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. कार्यक्रम कॅन्सल करावा असं मनात आलं. पण मग बाळचंच खरं झालं असतं.

संध्याकाळी पंचवीस माणसं जमली. टूरमधल्या कुणाकुणाच्या हातात कॅमेरा देऊन बाळनं काढवून घेतलेले फोटो सुरू झाले. पहिला प्रागचा. टोपी घातलेला बाळ, शेजारी मी, मागे एक दार. शेजारची नीलांबरी म्हणाली, किती गोड दिसताय, पण वसुधाताई, तुम्ही कॅमेऱ्याकडे का बघत नाही? सगळे हसले. दुसऱ्या फोटोतही मी भलतीकडेच बघत होते, तिसऱ्यातही. चौथ्याला माझ्या लक्षात आलं, मी कुठे बघत होते ते. मी उठून पडद्यापाशी गेले.

"सिद्धेश, पहिल्यावर जा. इथे झूम कर." मी बाळच्या कानामागे बोट ठेवलं.

"आई, बाबा कट होतायत."

"होऊ दे."

बाळची टोपी गेली, चेहरा गेला. धूसर चौकोनांमधून एक काळा लोखंडी हात वर आला. मी सांगितलं, ही दाराची कडी आहे, बाईच्या हाताच्या आकाराची. बोटातली अंगठी झिजलीय, कारण येणाऱ्याचा हात नेमका तिथेच पडतो. मग पुढचा फोटो. तिथे आम्ही दोघंही अर्धे गेलो आणि पन्हाळीखालचा दगडी माणूस आला.

"वसुधा, पुरे आता," बाळ म्हणाला. "लोकांना भूक लागलीय."

"लागू दे. सामोसे गरम आहेत. पुढचा, सिद्धेश."

शेवटचा फोटो म्युझियमचा होता. मी किती वेळ लावते ते घरी दाखवायला बाळनं दारातून काढलेला. मध्यभागी मी एकटी, आणि माझ्या खांद्याआड पेटीचा कोपरा. सिद्धेश थांबला. हळूच म्हणाला, इथे झूम केलं तर तुम्हीच जाल, आई. त्यानं बाळकडे बघितलं. मी त्याच्या हातातून माउस घेतला.

माझा चेहरा गेला, खांदा गेला. पडदाभर काचेचे सहा डोळे उरले आणि पंचवीस माणसांकडे रोखून बघत राहिले. कुणी हसलं नाही.

"एकूण किती होते?" नीलांबरीनं विचारलं.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. "राहिलेले बेचाळीस पुढच्या मे महिन्यात जाऊन आणते. एकटी."