टोपी सारखी केली

अनिल सरांना टोपी सारखी करायची सवय कधीच नव्हती. सामना सुरू होताना एकदा डोक्यावर बसवली की संपेपर्यंत ती तिथंच. पण जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात, त्यांनी डावा हात टोपीला लावला. त्या टोपीला काही धाड भरली नव्हती. धाड भरली होती ती सरांच्या हिमतीला, आणि हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

सर पाचाडकडच्या एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक, आणि शाळांच्या स्पर्धांत सॉफ्टबॉलचे अंपायर. घर महाडजवळच्या सव गावात, आणि बायको रेश्मा त्याच गावची. म्हणजे घरजावई नव्हे, पण गावजावई तर खरेच. आणि गावजावयाचं कसं असतं, घरजावयाला एक सासरा पुरतो, याला अख्खं गाव. त्यात रेश्माचे चुलते हैबती म्हणजे एकेकाळचे कबड्डीपटू. त्यांनी पकडलेला गडी रेषेला हात लावून गेला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

सॉफ्टबॉल आपल्याकडं शाळांच्या स्पर्धांपुरताच. पोरी बॅटने चेंडू मारतात, तीन बेस ओलांडून चौथ्याला, म्हणजे होमला परत आल्या की एक धाव. बघायला येणारी माणसं कबड्डीतली, त्यांना नियम ठाऊक नसतात आणि त्याचं वाईटही वाटत नाही. त्यातला एक नियम तर त्यांना कधीच पटला नाही. हातात चेंडू नसताना धावणाऱ्या पोरीच्या वाटेत उभं राहायचं नाही. राहिलं तर ते ऑब्स्ट्रक्शन. अंपायरने अशा वेळी खेळ थांबवायचा नसतो. डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा, मूठ मिटायची आणि खेळ चालू द्यायचा. खेळ थांबला की अडवलेल्या पोरीला तिचा हक्काचा बेस द्यायचा. तोवर पुढच्या बेसच्या वाटेवर कुणी तिला बाद केलं तरी ती बाद होत नाही.

हे सगळं सरांनी जुलैत पोलादपूरच्या शिबिरात पोरींना स्वतः शिकवलं होतं. "माझा डावा हात आडवा दिसला की मागंपुढं बघायचं नाही. सरळ होमकडं पळायचं," असं त्यांनी दहा वेळा घोकून घेतलं. तेव्हा पोलादपूरच्या संघातल्या, वरच्या वाडीतल्या श्रुतिकाने विचारलं होतं, "आनि सर, आउट झालो तर?"

"होत नाहीस. हात माझा आहे ना," सर म्हणाले होते.

श्रुतिका दहावीला. शाळेकडून खेळायचं हे तिचं शेवटचं वर्ष. आई-बाप दोघं मुंबईला, ती आजीजवळ वाडीत. बाप एका गोदामात माल उतरवायच्या कामाला, त्याने पोरीला खेळताना कधी पाहिलेलं नव्हतं. यंदा विभागीय स्पर्धा मुंबईत होती, आणि जिल्ह्यात जिंकणारा संघ तिथं जाणार होता. बापाने मुकादमाला सांगून त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवली होती. हे उज्वला मॅडमनी, म्हणजे पोलादपूरच्या संघाच्या शिक्षिकेने, सरांना कौतुकाने सांगितलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायलाही सरांना जागा नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन. महाडचं मैदान तापलेलं. सकाळी उपांत्य सामन्यात सरांनी एका पोरीला ऑब्स्ट्रक्शनचा बेस दिला. निर्णय बरोबर होता. पण कुंपणापाशी हैबती बसले होते, आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जावईबापू, आमच्याकडं करवलीनं दार अडवलं तर अडवनारीला द्यावं लागतं. तुमी अडवलेलीलाच देताव. ह्यो कुठला न्याय?"

मैदान हसलं. दोन्ही संघांच्या पोरी हसल्या, अलिबागहून आलेले मुख्य अंपायरही गालात हसले. दुपारी वडापावच्या गाडीवर कुणीतरी म्हणालं, "ए, करवलीवाल्या अंपायरला एक वडा दे." सरही हसले. हसण्यावारी न्यायचं असतं हे त्यांना कळत होतं. पण काही बोलणी पायात मोडलेल्या काट्यासारखी असतात, चालताना कळत नाही आणि थांबलं की ठणकतात. वडा त्यांना गोड लागला नाही.

दुपारी अंतिम सामना, पोलादपूर विरुद्ध महाडचा संघ. सर तिसऱ्या बेसच्या बाजूला अंपायर. शेवटचा डाव, पोलादपूर एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला, आणि श्रुतिका दुसऱ्या बेसवर. पुढच्या पोरीने चेंडू उजवीकडं लांब मारला आणि श्रुतिका सुटली. तिसरा बेस तिने वळणावरच तुडवला आणि होमकडं निघाली, तर महाडची तिसऱ्या बेसची पोरगी नेमकी वाटेत. हातात चेंडू नाही, चेंडू येतही नाही, नुसती उभी. श्रुतिका तिच्यावर आदळली, भेलकांडली, एक हात जमिनीला टेकला. बेसजवळ उभ्या उज्वला मॅडम ओरडल्या, "थांब, मागं फीर!"

सरांचा डावा हात आडवा झाला होता. मूठ मिटलेली. त्यांनी नव्हता केला, तो आपोआप झाला होता, इतका तो निर्णय सरळ होता. श्रुतिकाने उठताना तो हात पाहिला. मॅडमचं ऐकायचं सोडून ती होमकडं पळाली.

आणि कुंपणापासून आवाज आला, "जावईबापू, करवली आली बघा परत!"

हशा पिकला. सगळं मैदान एकदम. त्या हशात सरांचा हात वर गेला आणि टोपीच्या कडेला लागला. त्यांनी टोपी सारखी केली. तेवढ्यात चेंडू होमला आला, कॅचरने श्रुतिकाला टेकवला, मुख्य अंपायरनी बाद दिली आणि सामना संपला.

उज्वला मॅडम धावत आल्या. "सर, तुमचा हात होता."

मुख्य अंपायरही आले. "काय हो, काही होतं का?"

होतं म्हणायला एक शब्द पुरला असता. अजून वेळ गेलेली नव्हती. गुणपत्रकावर सही व्हायची होती. सर म्हणाले, "नाही सर. टोपी सारखी करत होतो."

"मी पाहिला ना," मॅडम म्हणाल्या. "आणि तिनेही पाहिला. श्रुतिका, इकडं ये. सरांनी हात केला होता की नाही?"

श्रुतिकाच्या गुडघ्याला खरचटलं होतं. तिने सरांकडं पाहिलं. त्या नजरेत सरांना राग दिसला असता तर बरं झालं असतं. तिथं नुसता गोंधळ होता. मग तो गोंधळ तिने तिच्या परीने मिटवला.

"मलाच भास झाला असंल मॅडम," ती म्हणाली. "ऊन व्हतं. सर कशाला खोटं बोलतील?"

मुख्य अंपायरनी सही केली. त्यांच्याखाली सरांनीही केली, आणि ती सही करताना त्यांना मान वर करता आली नाही.

एवढ्यावर भागतं तर कदाचित सर ते विसरले असते. माणूस असल्या गोष्टी पोटात घालतो आणि वर ढेकर देतो. पण बॅटी-ग्लोव्ह पोत्यात भरून पोलादपूरच्या पोरी गाडीची वाट बघत होत्या तेव्हा श्रुतिका सरांकडं आली. "सर, जरा फोन द्याल? मॅडमच्या फोनचं चार्जिंग संपलं. बाबाला सांगायचंय."

सरांनी फोन दिला. ती तिथंच, त्यांच्यासमोरच उभी राहून बोलली. आडोसा करायला तिला काही कारणच नव्हतं.

"बाबा, मी बोलतेय. सुट्टी नको घेऊस. हरलो... नाय रे, माझीच चूक झाली. मॅडम थांब म्हनत व्हत्या, मीच पळाली. मला वाटलं सरांनी हात केला. नव्हता केला... हो... हो बाबा." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली आणि मनगटाने नाक पुसत राहिली. शेवटी तिने फोन आपल्या ओढणीला पुसून परत दिला.

"बरं खेळलीस," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"हो सर," ती म्हणाली. ती दहावीला आहे, तिला पुढचं वर्ष नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. तेवढी समज त्या सोळा वर्षांच्या पोरीला होती, चाळिशीच्या मास्तरला नव्हती.

संध्याकाळी सवला हैबती ओट्यावर वाटच बघत होते. "आता कसं," ते म्हणाले. "सकाळी उगा हात पसरून उभे राह्यलंत. दुपारी बरोबर केलंत. अंपायर झालाव खरे." आणि त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. सरांना वाटलं, या थापेपेक्षा तोंडात मारली असती तरी चाललं असतं. त्यात हैबतींचा तरी काय दोष? ते गंमत करत होते. गमतीला भिऊन जो खोटं बोलतो, त्याने गंमत करणाऱ्याला शिव्या देऊ नयेत.

रात्री जेवताना सरांनी ताटावरून लवकर हात काढला. फोनमध्ये तो नंबर होता. त्यांनी तो 'श्रुतिका बाबा' म्हणून साठवून ठेवला, उद्या करू म्हणून. उद्याचा परवा झाला. दिवाळी गेली, भात झोडून झालं, महाडचा संघ मुंबईला जाऊन पहिल्याच सामन्यात हरून आला. ते ऐकून सरांना क्षणभर बरं वाटलं, म्हणजे पोलादपूरही हरलंच असतं की. त्यांची धाव झाली असती तरी बरोबरीच झाली असती, पुढचं कुणी पाहिलंय? मग आपल्याला बरं वाटलं याचीच लाज वाटली. धाव किती मोलाची होती हा प्रश्नच नव्हता. पोरगी तिच्या बापाजवळ स्वतःला दोषी ठरवून बसली होती, आणि ते खोटं तिच्या तोंडात सरांनी घातलं होतं.

टोपी त्यांनी कपाटात टाकली. रेश्माने विचारलं, "उन्हात बोडक्यानं का फिरताय?" ते म्हणाले, घाम येतो.

डिसेंबरात पोलादपूरला पुन्हा दोन दिवसांचं शिबिर होतं, धाकट्या पोरींसाठी. सर नाही म्हणणार होते, पण कारण काय सांगणार? गेले. तर मैदानावर श्रुतिकाही आलेली. सराव-सामन्याला पोरी कमी पडत होत्या म्हणून मॅडमनी तिला बोलावलं होतं. तिने लांबूनच हात जोडले, "सर, नमस्कार."

दुपारपर्यंत सगळं सुरळीत गेलं. मग सामन्यात श्रुतिका दुसऱ्या बेसवरून सुटली आणि तिसऱ्या बेसवरची सेजल, आठवीतली नवी पोरगी, भांबावून वाटेत उभी राहिली. दोघींची टक्कर झाली. सरांनी डावा हात आडवा केला. घट्ट मूठ, सरळ कोपर. आता काही झालं तरी तो खाली येणार नव्हता.

श्रुतिकाने हात पाहिला. पाहिला हे सरांनी पाहिलं. आणि ती मागं फिरली, तिसऱ्या बेसवर पाय ठेवून उभी राहिली. पोरी ओरडत होत्या, "ताई, पळ की गो!" ती हलली नाही.

खेळ थांबला. सर तिच्याजवळ गेले. "हात दिसला नाही का तुला?"

"दिसला सर."

"मग थांबलीस का?"

तिने बुटाच्या टोकाने बेसजवळची माती उकरली. "मला वाटलं, परत भासच झाला असंल."

सरांनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता. ती खरंच तसं मानत होती. गेले दोन महिने ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता चालत होती, आणि ते डोळे चांगले होते, तिथल्या सगळ्यांपेक्षा चांगले होते.

"भास नव्हता," सर म्हणाले. "आजही नव्हता, महाडलाही नव्हता. हात केला होता मी. लोक हसले म्हणून टोपीला लावला. आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो."

उज्वला मॅडम बाकावर बसून धावा लिहीत होत्या. त्यांनी वही मिटली. आणि सरांकडं पाहिलं.

"म्हंजे मला नीट दिसलेलं," श्रुतिका स्वतःशीच म्हणाली. मग तिला दुसरं काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा बदलला. "मग सर, मी बाबाला खोटंच सांगितलं?"

सरांनी खिशातून फोन काढला. "तू नाही. मी सांगतो त्यांना."

बराच वेळ वाजल्यावर पलीकडून आवाज आला. मागं ट्रकमधून काहीतरी धपाधप खाली पडत होतं. "हां सर, बोला. पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे," सर म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. हैबतींचं नाव घेतलं नाही, उन्हाचंही नाही. चूक तिची नव्हती, माझी होती, हे दोनदा सांगितलं. श्रुतिका समोर उभी राहून ऐकत होती.

पलीकडं माल पडायचा थांबला होता, की तो माणूस बाजूला गेला होता, कोण जाणे. शिवी येईल म्हणून सर थांबले होते. ती आली नाही.

"मी तिला त्या दिवशी लय बोललो वो सर," बाप म्हणाला. "मॅडमचं ऐकत नाय, शहाणी समजते, नको नको ते बोललो. तिनं एक शबुद उलटा केला नाय." मग म्हणाला, "फोन जरा तिच्याकडं द्या."

सरांनी डावा हात लांब केला. श्रुतिकाने त्यातला फोन घेतला आणि या वेळी ती त्यांच्यासमोर थांबली नाही, पाठ फिरवून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बोलायला गेली. सर तिथंच उभे होते. हात खाली घ्यायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.