तिघी गेल्या, तिघी आल्या

मी एक जुनी, जाड, मधोमध जराशी वाकलेली सुई आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. हसू नका. सुईला लोक भितात, सुई कुणाला भिणार, असं म्हणाल तुम्ही. पण मी माझ्याच टोकाला भिते. का भिते, तेच सांगायला बसलेय.

माझं लहानपण काही फार नाही. कारखान्यात तारेचा तुकडा कापला, एका बाजूला टोक काढलं, दुसऱ्या बाजूला भोक पाडलं, झाली सुई. पाकिटात आम्ही दहाजणी होतो, गोणपाट शिवायच्या. एका बाईंनी पाकीट घेतलं आणि शिवणाच्या डब्यात टाकलं. त्यांच्या नवऱ्याने त्यातल्या तिघी उचलल्या.

"परत आणून ठेवा हं," बाई ओरडल्या.

"संध्याकाळी आणतो," नवरा म्हणाला.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ती संध्याकाळ काही अजून झाली नाही.

हा नवरा म्हणजे आमचा वेणीमामा. घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याची सगळी उस्तवार करणारा माणूस. लीद काढायची, पाणी भरायचं, चारा घालायचा, खरारा करायचा, खूर साफ करायचे, खोगीर चढवायचं, उतरवायचं आणि परत लीद काढायची, कारण घोडा काही कुणासाठी थांबत नाही. त्यात प्रदर्शन असलं की आयाळीच्या वेण्या घालायच्या. एका मानेवर तीस-बत्तीस वेण्या. प्रत्येक वेणी गुंडाळून तिचा सुपारीएवढा अंबाडा करायचा आणि तो दोऱ्याने शिवून टाकायचा. हे शिवण्याचं काम आमचं, तिघी बहिणींचं. मामाच्या वेण्या अशा सारख्या यायच्या की तबेल्यात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे.

घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद त्याला चिडवायचा, "काय रे मामा, घरी बायकोची वेणी घातलीस का कधी?"

"गेलो होतो घालायला. म्हणाली, मी काय घोडी वाटले का तुम्हाला?"

मामाच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक बूच असायचं. आमचं घर तेच. घोड्याच्या खोलीत शिरताना मामा बुचावर बोट ठेवून म्हणायचा, "तिघी गेल्या." बाहेर पडताना परत बोट ठेवायचा, "तिघी आल्या." मोठ्याने म्हणायचा. मनातल्या मनात मोजलेलं तो मोजलेलं धरायचा नाही. कारण सुई पडली आणि घोड्याने चाऱ्याबरोबर गिळली, तर पोटात काय होतं ते त्याने एकदा लांबून पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाचा घोडा होता. मामा दोन दिवस जेवला नव्हता.

म्हणून मोतद्दारांची एक रीत होती. कुणाची सुई हरवली तर त्याने मोठ्याने ओरडायचं, "सुई!" ते ऐकलं की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून सगळ्यांनी यायचं. कुठल्या तबेल्याचा, कुणाचा शत्रू, काही विचारायचं नाही. गुडघ्यावर बसायचं आणि शोधायचं. मी हे नुसतं ऐकून होते. मला रोज वाटायचं, देवा, माझ्या नावाने ही आरोळी उठू नये.

मामाने त्यावर एक युक्ती काढली होती. माझ्या भोकातून तो नेहमी लाल दोरा ओवायचा. पेंढ्यात पडले तरी लाल शेपूट दिसेल. पण एकदा मास्तरांनी, म्हणजे घोड्यांना शिकवणाऱ्या साहेबांनी, ते पाहिलं.

"काळ्या घोडीला लाल दोरा? रिंगणात लांबून दिसतो. काळा वापर."

"साहेब, तो पडल्यावर दिसावा म्हणून—"

"मग पाडू नकोस."

झालं. तेव्हापासून माझी शेपूट काळी झाली आणि माझी झोप उडाली.

आधी तबेल्यात मोतद्दार होते पाच आणि घोडे चौदा. मग एकजण गाडी चालवायला गेला, एकजण पाठ धरली म्हणून घरी बसला, एकजण न सांगताच गेला. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पगार ऐकून लोक फाटकातूनच परत फिरायचे. उरले मामा आणि बादलीबाई. बादलीबाई म्हणजे दोन्ही हातांत कायम भरलेल्या बादल्या असणारी बाई, मामापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. दोघांच्या वाट्याला सात-सात घोडे. पगार तेवढाच. चूक झाली की दिवसाचा पगार कापणार. चाऱ्याच्या कोठीवरची एक खोली मात्र नोकरीबरोबर मिळालेली, तिच्यात मामाचं घर. नोकरी गेली की खोली गेली. मामाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. मला धरलंय की नाही, हे त्याला बघूनच कळायचं. मी रोज त्या बोटांत असायचे, मला आधीच कळलं होतं. पण सुईचं कोण ऐकतं?

तो प्रदर्शनाचा दिवस. सगळ्या तबेल्यांचे घोडे रिंगणाजवळच्या खोल्यांत आणलेले. मामा उजाडायच्या आधीपासून वेण्या घालत होता. सहा घोडे झाले. सातवी काजळी, काळीभोर, मालकाच्या लेकीची घोडी. ऊन चांगलं वर आलं होतं. मामा पालथ्या बादलीवर उभा, दोन्ही हात वर. अर्धी मान शिवून झाली. आणि मामाचं कपाळ हळूच काजळीच्या मानेला टेकलं. घोडीने कान हलवला, पण ती जागची हलली नाही. शहाणी होती. मामा उभ्या उभ्या झोपला होता. चार श्वास, पाच श्वास.

त्याची बोटं सैल झाली आणि मी सुटले.

मित्रांनो, बादलीवरून जमीन काही लांब नसते. पण मला वाटलं मी विहिरीत चाललेय. पेंढ्यात पडले. वरून चाऱ्याच्या जाळीतलं गवत सांडलं माझ्यावर. सगळा अंधार, नुसता गवताचा वास. वर मामा दचकून जागा झाला. मी बुचावरच आहे असं समजून त्याने माझ्या धाकट्या बहिणीला घेतलं आणि शिवायला लागला. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. मला आहे ते फक्त टोक.

मग काजळीने मान खाली घातली.

आधी तिचा गरम श्वास आला. मग ओठ. घोड्याचा ओठ म्हणजे बोटच, एकेक काडी चाचपून घेतो. तिने माझ्या शेजारची काडी घेतली. चावली. परत ओठ खाली आला. माझा काळा दोरा एका काडीला गुंडाळला गेला होता. मी जीव मुठीत धरून पडले होते. मूठ कुठली, पण तसंच.

तेवढ्यात वरून मामाचा आवाज आला, काम संपल्याचा.

"तिघी..."

पुढे काही नाही. बोट बुचावर फिरत होतं. एक. दोन. परत एक. दोन.

त्याच वेळी मास्तर दारात. "झालं का? आण तिला बाहेर. पाच मिनिटांत नाव पुकारतील."

मामाचं बोट बुचावरच थबकलं. त्याच्या मनात काय होतं, मला माहीत आहे. कोठीवरची खोली होती. "आणतो साहेब" एवढं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आणि काजळीने गवताचा घास उचलला. त्या घासात मी होते. दातांवर माझं टोक टेकलं. गार, ओला दात. आता जीभ मला आत ओढणार, माझ्याच टोकाने मी हिला मारणार.

"सुई!"

मामा असा ओरडला की काजळी जबडा हलवायचीच थांबली. दुसऱ्या क्षणी त्याने उडी मारून तिच्या तोंडात अंगठा घातला आणि अख्खा घास ओढून खाली टाकला. मी परत पेंढ्यात. मामाला ठाऊकही नव्हतं की त्या घासात मी आहे. चावायचंच थांबवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"वेड लागलंय का?" मास्तर ओरडले. "नाव पुकारतायत!"

"घोडी हलणार नाही साहेब. सुई सापडेपर्यंत हिच्या तोंडात काडी जाणार नाही."

"तिचा नंबर जाईल!"

"जाऊ दे."

आणि मग पावलं वाजायला लागली. बादलीबाई पहिली, ओल्या हातांनी. मग शेजारच्या तबेल्याचे दोघं, ज्यांच्याशी मामाचं महिनाभर बोलणं नव्हतं. मग आणखी तीन, त्यांचेही घोडे अर्धवट सजवलेले. कुणी विचारलं नाही, कशी पडली. गुडघ्यावर बसून मूठमूठ पेंढा चादरीवर झाडायला लागले.

"कुठल्या रंगाचा दोरा?" बादलीबाईने विचारलं.

"काळा."

तिने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दुसरीकडे बघायला लागले.

शेवटी नालबंद आला. खिळे गोळा करायचं त्याचं लोहचुंबक घेऊन. त्याने ते टाकलेल्या घासावरून फिरवलं आणि मी उडी मारून त्याला चिकटले. टक्. उभ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या आनंदाने चिकटले नाही.

"ओल्या घासात होती रे," नालबंद हळूच म्हणाला. "तोंडात जाऊन आलीय."

मामा मटकन बादलीवर बसला. काजळीने त्याची टोपी हुंगली.

घोडीचा नंबर गेला. मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. खोली रिकामी कर."

बोलली बादलीबाई. "ठीक आहे साहेब. मग उद्या चौदा घोडे मी एकटी बघायचे का तुम्ही मदतीला येताय? या पगारात तिसरं कोण येतंय ते तरी दाखवा."

मास्तर पाठ फिरवून रिंगणाकडे गेले. म्हणजे मामाची नोकरी राहिली ती अशी. इतकी वाईट की घ्यायला दुसरा कुणी नाही, म्हणून राहिली. दिवसाचा पगार मात्र कापला. लाल दोरा परत आला, त्यावर कुणी काही म्हटलं नाही. सात घोड्यांचे सहा काही झाले नाहीत.

म्हणून माझी भीती अजून गेलेली नाही. बोटं तीच आहेत, मुंग्याही त्याच. फक्त एक बदललंय. प्रदर्शनाच्या दिवशी मामा एकेका घोड्याच्या खोलीतून बाहेर पडला की बादलीबाई बादल्या खाली ठेवते आणि विचारते, "किती?"

"तिघी आल्या."

"आणि तू?"

मामा डोळे चोळतो. "आलो बाई, मीपण आलो."

मित्रांनो, कधी रिंगणात चकचकीत घोडा दिसला, त्याच्या मानेवरचे ते सारखे अंबाडे दिसले, तर टाळ्या जरूर वाजवा. मग जरा कुंपणापलीकडे बघा. तिथे कुणीतरी लगाम घेऊन उभं असेल, कदाचित उभ्या उभ्या झोपलेलं. त्याला विचारा, जेवलास का, बसतोस का थोडा. आम्हाला मोजणारा तोच एक आहे हो. त्याला मोजायचं तेवढं विसरू नका.